मगदूम मास्तरांनी न केलेली सही

"नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि वेग सांगायचा," मगदूम मास्तर म्हणाले. "वेग खरा सांगायचा. माझ्याकडं कागदावर आहे."

कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका प्रशिक्षण केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौदाजण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. सगळ्यांचं लायसन्स वेगासाठी तीन महिने जमा झालेलं. ते परत मिळवायचं तर हा दोन दिवसांचा वर्ग करायचा आणि शेवटी मास्तरांची सही असलेला दाखला कार्यालयात द्यायचा, असा नियम होता. चौदांत बाई मी एकटीच.

पहिला उठला तो दुधाचा टँकर चालवणारा हनीफ मुजावर. "हनीफ मुजावर, हुपरी, अठ्ठ्याण्णव," असं शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणून तो खाली बसला. मग एक फर्निचरवाले, मग नव्या गाडीचं कौतुक अजून न ओसरलेला एक इंजिनिअर. त्यानं "एकशे बेचाळीस" असं म्हटल्यावर मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. मास्तरांनी त्या दिशेला नुसतं बघितलं. परत शिट्टी वाजली नाही.

माझी पाळी आली. "निवेदिता इंगवले, कोल्हापूर," मी उभी राहून म्हणाले. "एकशे एकोणीस म्हणतात. पण पोलिसांचं मशीन बिघडलेलं असणार."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"कितीनं चालला होता असं तुमास्नी वाटतं, बाईसाहेब?"

"ऐंशी. फार तर पंच्याऐंशी."

"आणि आधीच्या तीन वेळेला?"

त्यांच्या कागदावर तेही होतं तर. मला राग आला. "त्याही वेळी तेवढाच. मी अठरा वर्षं गाडी चालवते, मास्तर. कराडच्या पॉलिटेक्निकमध्ये केमिस्ट्री शिकवते, रोज जाऊन-येऊन करते. सतरा वर्षांत एकदाही कुणी मला अडवलं नाही. आणि या सात महिन्यांत चारदा? माझ्यात काय बदल झालाय? मशीनंच बदललीत."

"बसा," एवढंच ते म्हणाले. पण कागदावर त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी खूण केली, ती मी पाहिली.

मगदूम मास्तर म्हणजे आण्णाप्पा मगदूम. वय पासष्टीच्या आसपास, अंगानं किडकिडीत, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. एसटीत आधी ड्रायव्हर आणि मग नव्या ड्रायव्हरांना शिकवणारे म्हणून त्यांची सगळी नोकरी गेलेली. निवृत्तीनंतर ते या केंद्रात शिकवायचे. पहिला दिवस त्यांनी बोलण्यातच घालवला, पण तो कंटाळवाणा मुळीच नव्हता. ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढं जाते हे त्यांनी आम्हाला फळ्यावर सांगितलं नाही. मैदानात नेऊन पावलांनी मोजायला लावलं. एकशे बेचाळीसवाल्या इंजिनिअरला त्याच्या वेगाची पावलं मोजायला लावली, तेव्हा तो मैदानाच्या कुंपणापर्यंत जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, "मास्तर, जागा संपली!"

"अजून बत्तीस पावलं राहिलीत," मास्तर इकडून म्हणाले.

मला मात्र सगळं डोक्यावरून जात होतं. तिथं बसणं हाच मला अपमान वाटत होता. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी पाहिलं तर, हाही एक धसका होता. शिवाय डोकं दुखत होतं. गेलं वर्षभर ते तसं दुखतच असे. पेपर तपासून दुखतं, उन्हानं दुखतं, चाळिशी उलटली की दुखतं, अशी कारणं मी स्वतःला देत आले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, प्रत्येकाला मैदानात गाडी चालवून दाखवायची होती. शिकवणाऱ्याच्याही पायाशी ब्रेक असलेली केंद्राची जुनी गाडी होती. मास्तर शेजारी बसत. मैदानात चुन्यानं रस्ता आखलेला, दोन्ही कडेला एकेक पत्र्याची टपरी. कधी या, कधी त्या टपरीमागं केंद्रातला सदाशिव नावाचा माणूस एक जुना टायर घेऊन उभा असे आणि गाडी जवळ आली की तो टायर रस्त्यावर सोडत असे. टायर म्हणजे अचानक रस्त्यात आलेलं माणूस. आपण थांबायचं.

हनीफ थांबला. फर्निचरवाले करकचून थांबले. इंजिनिअर थोडा उशिरा, पण थांबला.

माझी पाळी आली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता दाखवते यांना. गाडी सुरेख निघाली, गिअर पडल्याचं कळलंसुद्धा नाही. पहिली टपरी गेली आणि मास्तरांनी आपल्या पायानं ब्रेक मारला. मला पुढं हिसका बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"टायर."

उतरून वाकून पाहिलं तर डाव्या चाकाला टायर अडकला होता.

"माझ्या पुढ्यात येण्याआधी कसा दिसणार?" मी म्हणाले. "अगदी चाकाजवळ सोडला त्यांनी."

"परत घ्या."

परत घेतली. या वेळी मी डावीकडच्या टपरीकडं मान वळवूनच बघत राहिले. टायर उजवीकडून आला. मास्तरांचा पाय परत ब्रेकवर.

मी तिसऱ्यांदा गाडी घेतली. तोच प्रकार. मी गाडीतून उतरले तेव्हा माझे कान तापले होते. खुर्च्यांकडं परतताना हनीफनं मला पाण्याची बाटली दिली. तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. "ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "रागवू नका. पण टायर लई लांबनं येत होता ओ. तुमाला दिसलाच न्हाई?"

मी बाटली उघडून पाणी प्यायले.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी मला शेडच्या मागं, सावलीत बोलावलं. समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या. म्हणाले, "एक डोळा हातानं झाका. दुसऱ्यानं माझ्या नाकाकडं बघायचं. दुसरीकडं नजर जाऊ द्यायची न्हाई. मी बाजूनं बोट हालवत आणतो. दिसलं की सांगायचं."

"हे काय आता?"

"एसटीत प्रत्येक ड्रायव्हरचं करत होतो. पाच मिंटं लागतात."

मी उजवा डोळा झाकला आणि त्यांच्या नाकाकडं बघत बसले. ते काही करत नव्हते असं मला वाटलं. मग एकदम त्यांच्या कानाजवळ एक बोट हलताना दिसलं.

"दिसलं."

त्यांनी हात खाली घेतला. वरून आणला, खालून आणला. ते लगेच दिसलं. परत बाजूनं आणला. परत तेच, बोट एकदम त्यांच्या कानापाशीच उगवलं. दुसऱ्या डोळ्यालाही तसंच झालं, फक्त दुसऱ्या बाजूनं. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"बाईसाहेब, डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून या."

"माझी नजर उत्तम आहे. शेवटच्या बाकावरचा मुलगा मोबाइल बघत असला तरी मला कळतं."

"समोरचं उत्तमच असंल. मी बाजूचं म्हणतोय."

संध्याकाळी वर्ग संपला. मास्तर एकेकाचं नाव पुकारत होते, दाखल्यावर सही करून हातात देत होते. तेरा दाखले गेले. चौदावा त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला.

"इंगवले बाईंचा डॉक्टरची चिठ्ठी आल्यावर."

सगळ्यांसमोर. मला आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो, मात्र आता त्याचं कारण वेगळं आहे. तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. "तुम्ही असं करू शकत नाही! दोन्ही दिवस मी हजर आहे. लेखी परीक्षेत पूर्ण मार्क आहेत. नियमात डॉक्टरची चिठ्ठी कुठं लिहिलीय, दाखवा."

"नियमात न्हाई," ते म्हणाले.

"मग मी वर तक्रार करीन."

"करा की. पत्ता देतो लिहून." आणि खरोखरच त्यांनी कागदावर वरच्या साहेबांचा हुद्दा आणि पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या पुढ्यात सरकवला.

माझी एवढी घाई का, तेही सांगायला हवं. माझी मुलगी ऋजुता तेव्हा तेरा वर्षांची होती आणि टेबल टेनिस खेळायची. पुढच्या रविवारी साताऱ्याला तिच्या विभागीय स्पर्धा होत्या. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, अशा तिघींना सामन्यांना मीच नेत असे. बाकीच्या दोघींच्या आयांनी माझ्यावरच भिस्त ठेवलेली. शुक्रवारी लायसन्स जमा राहायची तीन महिन्यांची मुदत संपत होती, शनिवारी ते हातात पडणार होतं. सगळं नीट जुळलेलं, आणि हा म्हातारा एका सहीसाठी अडून बसला होता.

घरी येऊन मी नवऱ्यापुढं सगळा राग ओतला. रणधीर स्वभावानं शांत. माझं बोलणं संपेपर्यंत तो भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता.

"जाऊन ये ना डॉक्टरकडं," तो म्हणाला.

"तूसुद्धा?"

"निवू, एक सांगू? मागच्या दिवाळीपासून मला तुझ्या शेजारी बसायची भीती वाटते. तू रागावशील म्हणून बोललो नाही. सांगलीच्या रस्त्यावर तो मोटारसायकलवाला आठवतो? पोरी मागं किंचाळल्या, तेव्हा तू त्यांनाच ओरडलीस, दंगा करू नका म्हणून. तो माणूस आपल्या डाव्या अंगाला एवढा होता." त्यानं दोन बोटांमधलं अंतर दाखवलं.

मला तो माणूस आठवेना. पोरी किंचाळल्याचं आठवत होतं. त्या का किंचाळल्या हे मी विचारलंच नव्हतं.

पण माझा हट्ट इतक्यात सुटणारा नव्हता. सोमवारी रजा टाकून मी चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत धाडधाड वाचलं. नजर उत्तम, चष्म्याची गरज नाही, अशी चिठ्ठी शिक्क्यासह घेऊन मी थेट रिक्षानं केंद्र गाठलं आणि ती मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. घडी घालून परत दिली.

"हे पुढचं झालं."

"मास्तर, तुम्हाला माझ्याशी वैर आहे का?"

त्यांनी मैदानाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग म्हणाले, "मी एकाला असंच पास केलं होतं. चांगला पोरगा होता, हात चांगला. मला शंका आली होती, पण त्याचं लगीन ठरलेलं, नोकरी पक्की व्हायची होती. म्हटलं, असू दे. केली सही." त्यांनी चष्मा काढला. "पुढचं मी कुणाला सांगत न्हाई."

मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

"एक गोष्ट विचारतो," ते म्हणाले. "गाडीत बसल्यावर आपण जोरात चाललोय हे आपल्याला कशावरनं कळतं?"

"काट्यावरून."

"काटा सारखा कोण बघतंय? रस्त्याकडंची झाडं, खांब, माणसं मागं पळतात, त्यावरनं कळतं. डोळ्याच्या कडंनं. समोरचं लांबचं डांबर तर जागच्या जागीच असल्यासारखं दिसतंय. बाईसाहेब, तुम्ही खोटं बोलत न्हाई हे मला पहिल्या दिवशीच कळलं. तुमाला खरंच ऐंशी वाटत होते. तुमची झाडं पळतच न्हाईत."

दुपारचे बारा वाजले असतील. पत्रा तापून कडकड वाजत होता. मी खुर्चीवर बसले. आठ महिन्यांपूर्वी, नऊ महिन्यांपूर्वी, कराडच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना काय होतं हे मी आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त समोरचा रस्ता आठवत होता.

मास्तर उठले, सदाशिवला हाक मारून म्हणाले, "दुपारचा वर्ग चारला घेतो म्हणून सांग." मग माझ्याकडं वळून, "चला. डोळ्याच्या नलवडे मॅडमकडं जाऊ. माझीबी तपासणी दोन वर्षं राहिलीय. एकाच फेरीत दोघांचं होईल."

त्यांची तपासणी राहिली नव्हती. हे मला नंतर कळलं.

आम्ही सिटी बसनं गेलो. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि सगळ्या वाटेत ते आपल्या नातीच्या गणिताच्या मार्कांबद्दल बोलत राहिले. डॉ. नलवडे माझ्याच वयाच्या, गंभीर चेहऱ्याच्या बाई. मास्तरांनी त्यांना दोन वाक्यांत काय ते सांगितलं. त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत, आतून पांढऱ्या अशा वाडग्यासारख्या मशीनपुढं बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडं बघायचं. आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं.

मी बटण धरून बसले. दोनदा उजेड दिसला, दोनदा दाबलं. मग काहीच नाही. मशीन मात्र आतून बारीक आवाज करत होतं. मी वाट बघत होते. बराच वेळ गेला.

"मॅडम, मशीन थांबलंय का?" मी विचारलं.

"नाही," त्या मागून म्हणाल्या. "चालू आहे."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पण त्याच क्षणी मला समजलं की समोर दिवे लागताहेत. एकामागून एक लागताहेत, आणि ते माझ्यासाठी नाहीतच.

छापून आलेल्या कागदावर दोन गोल होते. डाव्या डोळ्याच्या गोलाची डावी बाजू काळी, उजव्या डोळ्याच्या गोलाची उजवी बाजू काळी. दोन्ही बाजूंनी पडदे ओढलेल्या खिडकीसारखं. मी त्या कागदाकडं बघत असताना डॉक्टर म्हणाल्या, "पाळी नियमित येते का तुमची?"

डोळ्याच्या डॉक्टरनं हे का विचारावं? "वर्षभर बंद आहे," मी म्हणाले. "लवकर गेली असं समजत होते."

"डोकं दुखतं?"

"रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरून कुणाला बोलावून घ्या. आजच एमआरआय करू. घाबरू नका, पण उद्यावरही टाकू नका."

बाहेर बाकावर मास्तर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. रणधीर येईपर्यंत, म्हणजे सव्वा तास, ते तिथंच बसून राहिले. चार वाजले तरी उठले नाहीत. मला चहा आणून दिला. मी रडत होते. ते काही समजूत घालायला आले नाहीत, पण माझा कप रिकामा झाल्यावर तो माझ्या हातातून काढून घेतला, मला नीट रडता यावं म्हणून.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. माझ्या त्या ग्रंथीवर लिंबाएवढी गाठ वाढली होती आणि ती दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं दाबत होती. म्हणून दोन्ही बाजू गेल्या. हळूहळू गेल्या, म्हणून मला कळलं नाही. पुण्याचे सर्जन म्हणाले, "गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. नाकातून काढता येते." मी त्यांना तीनदा विचारलं, "नाकातून?" ते तीनही वेळा न कंटाळता "हो" म्हणाले. वेगाबद्दल मास्तरांचं म्हणणं त्यांना सांगितलं, तर ते जरा विचार करून म्हणाले, "असू शकतं. मला सुचलं नसतं."

"अजून काही महिने कळलं नसतं तर?" रणधीरनं विचारलं.

"मग नजर परत यायची खात्री कुणी दिली नसती. आणि त्याआधी रस्त्यावर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऋजुता माझ्या पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. साताऱ्याला ती एका मैत्रिणीच्या वडिलांबरोबर जाऊन आली होती आणि पहिल्याच फेरीत हरली होती. "आई, तो मोटारसायकलवाला," ती एकदम म्हणाली, "तेव्हा मला वाटलं होतं की तुला दिसतोय, पण तुला काहीच वाटत नाहीये. मला तुझी भीती वाटली होती."

"आता?"

तिनं माझ्या हातातल्या सलाइनच्या नळीला न लागेल अशा बेतानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

ऑपरेशन पाच तास चाललं. दुसऱ्या दिवशी नाकात बोळे, घसा कोरडा, डोळे जड. तिसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत पडले होते. नर्स आत आली, उजव्या बाजूनं, हातात थर्मामीटर घेऊन, आणि मी म्हणाले, "आज तुमची साडी नाही, ड्रेस आहे." मग माझ्या लक्षात आलं की मी मान वळवलेलीच नाही. मी अजून कॅलेंडरकडंच बघत होते. रणधीर खुर्चीवरून उठला. "परत सांग," तो म्हणाला. "माझा शर्ट कुठला?" तो दाराजवळ जाऊन उभा राहिला. "निळा," मी म्हणाले. तो दुसऱ्या बाजूला गेला, एक हात वर केला, दोन बोटं दाखवली, तीन दाखवली. मी सगळं बरोबर सांगत गेले. शेवटी त्यानं तोंड फिरवून घेतलं, आणि नर्स म्हणाली, "साहेब, पेशंटला रडवू नका, टाके आहेत आत."

सगळी नजर आली नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा धूसर तुकडा अजून आहे. पण डॉ. नलवड्यांच्या मशीनवर सहा महिन्यांनी मी बटण दाबत राहिले, दाबत राहिले, आणि कागदावरचे गोल जवळजवळ पांढरे निघाले. गाडी चालवायला हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

त्या सहा महिन्यांत मास्तरांचा फोन दर महिन्याला येई. एक मिनिटाच्या वर कधी बोलले नाहीत. "कसं काय?" "बरं आहे." "असू दे, असू दे."

कागद हातात पडला त्याच दिवशी मी आणि रणधीर केंद्रावर गेलो. वर्ग नुकताच सुटला होता. मास्तर फळा पुसत होते. मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि त्यांना काही कळायच्या आत वाकून पायांना हात लावला. ते इतके ओशाळले की फळा पुसायचं फडकं त्यांच्या हातून गळून पडलं.

"अहो, हे काय! उठा, उठा."

मी रस्ताभर मनात जुळवलेलं सगळं बोलणं विसरले. "मास्तर, तुम्ही माझे डोळे दिलेत," एवढंच म्हणता आलं. "आणि माझी पोर. आणि तिच्या मैत्रिणी. आणि त्या रस्त्यावरचे कोण कोण लोक, ज्यांना मी ओळखत नाही."

"मी कुठलं काय केलंय?" ते म्हणाले. "डॉक्टर लोकांनी केलं. मी एक सही केली न्हाई, एवढंच."

रणधीरनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मास्तरांनी तो हात बराच वेळ तसाच राहू दिला. मग हळूच सोडवून घेऊन खण उघडला आणि जुन्या कागदांच्या तळातून माझा दाखला काढला. कडा दुमडल्या होत्या. त्यांनी तो टेबलावर सरळ ठेवला, शेजारी पेन ठेवलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली.

"आता करा ना सही," मी पुडा त्यांच्याकडं सरकवत म्हणाले. "आणि पेढा घ्या आधी."

त्यांनी पुडा उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवला, पेन खिशाला अडकवलं आणि भिंतीवरच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली.

"पेढ्यावर सही होत नसती, बाईसाहेब," ते म्हणाले. "चला, मैदानात. गाडी चालवून दाखवा."